परत करायची माळ

१८६१ साली राणी व्हिक्टोरियाने ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब काढला. मानकरी हिंदू-मुसलमानही असणार, म्हणून क्रूसाऐवजी तारा. फिकट निळा सॅटिनचा झगा, गळ्यात कमळं-गुलाबांची सोन्याची माळ, तिला लटकलेला राणीचा कोरीव चेहरा. माळ मात्र मानकऱ्याच्या मालकीची नसे. तो वारला की परत! (नोकरी सोडताना लॅपटॉप देतो, तसं.)

नाशिककडच्या कौळाण्यात शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांना १८८७ साली या किताबाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. १२ डिसेंबर १९११ला दिल्ली दरबारात ते पंचम जॉर्जसमोर एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. लंडनच्या पेपरांनी गहजब केला, महाराजांना माफीचं पत्र लिहावं लागलं. १९१९ला त्याच सरकारने त्यांना ‘इंडियन एम्पायर’ची आणखी एक माळ दिली.