फ्रँक सू: नऊ सामने आणि नोंदीतलं शून्य

विषय फुटबॉलचा आहे, पण सुरुवात क्रिकेटपासून करतो, म्हणजे मुद्दा चटकन लक्षात येईल. १९४५ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ आपल्याकडे खेळायला आला होता. कर्णधार विजय मर्चंट. तीन सामने झाले, त्यातला एक मुंबईत. लोकांनी तिकिटं काढून ते पाहिले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण कसोटीच्या आकडेवारीत ते सामने शोधू नका, सापडणार नाहीत. ते ‘अनधिकृत’.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये एका खेळाडूची सबंध आंतरराष्ट्रीय कारकीर्द या एकाच शब्दाखाली गेली. त्याचं नाव फ्रँक सू. वडील चिनी, आई इंग्रज. १९४२ ते १९४५ या काळात तो इंग्लंडकडून नऊ सामने खेळला. अधिकृत नोंदीत त्याच्या नावापुढे किती? शून्य.

त्याचा जन्म १९१४ चा, डर्बीशायरमधल्या बक्स्टनजवळचा. पण तो वाढला लिव्हरपूलला. आईवडिलांचा कपडे धुण्याचा धंदा होता, तेव्हा इंग्लंडातल्या बऱ्याच चिनी कुटुंबांचा असायचा तसाच. लिव्हरपूल हे बंदराचं शहर. शांघाय-हाँगकाँगच्या जहाजांवरचे चिनी खलाशी तिथे उतरत, काही जण तिथल्याच मुलींशी लग्न करून राहत. आपल्या रत्नागिरीकडचे खलाशीही विलायतेच्या जहाजांवर असत, त्यामुळे हे जग आपल्याला अगदीच परकं नाही.

१९३३ मध्ये स्टोक सिटी क्लबनं ४०० पौंड मोजून त्याला एका छोट्या क्लबकडून घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पहिला लीग सामना खेळला. चिनी वंशाचा खेळाडू इंग्लिश लीगमध्ये उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्याच संघात स्टॅनली मॅथ्यूज होता, ज्याचं नाव फुटबॉल न पाहणाऱ्यांनीही ऐकलेलं असतं. सू पुढे हाफ-बॅक म्हणून स्थिरावला. मधल्या फळीत राहायचं, चेंडू हिसकावायचा आणि पुढच्याला नीट द्यायचा. या जागेवरच्या माणसाच्या नावावर गोल फार लागत नाहीत. मॅथ्यूजबद्दल पुस्तकं निघाली. मधल्या फळीतल्यांचं नाव संघाच्या यादीत राहतं, एवढंच.

१९३९ साली युद्ध सुरू झालं. लीग थांबली, खेळाडू सैन्यात गेले, सू हवाई दलात. सरकारला मात्र फुटबॉल हवा होता, कारण लोकांचं मन रमायला हवं होतं आणि मदतनिधीही जमवायचा होता. म्हणून इंग्लंडचे स्कॉटलंड-वेल्सशी सामने सुरू राहिले. हे सामने किरकोळ होते असं कुणाला वाटत असेल तर एकच गोष्ट सांगतो: १९४४ मध्ये ग्लासगोला झालेल्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला लाखाहून अधिक माणसं होती. मे १९४२ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध सू पहिल्यांदा इंग्लंडच्या शर्टात उतरला. इंग्लंडकडून खेळलेला पहिला गौरेतर माणूस तो. पण फुटबॉल असोसिएशननं युद्धकाळातले सामने अधिकृत धरलेच नाहीत. ‘कॅप’ नाही. त्यामुळे आजही पुस्तकं सांगतात की इंग्लंडच्या मुख्य संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू व्हिव्ह अँडरसन, १९७८. ते खरंच आहे. पण ते वाचून कुणाला वाटावं की त्याआधी इंग्लंडचा शर्ट फक्त गोऱ्यांनीच घातला, तर ते चूक आहे.

आता इथे मी थोडा सावध होतो, कारण ही गोष्ट ‘वर्णद्वेषानं कॅप नाकारली’ अशी सरळ सांगायचा मोह होतो. तसं म्हणता येणार नाही. युद्धातले सामने मॅथ्यूजचेही मोजले गेले नाहीत, कुणाचेच नाहीत. फरक एवढाच की मॅथ्यूजकडे आधीच्या आणि नंतरच्या कॅप होत्या. सप्टेंबर १९४६ मध्ये अधिकृत सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा सू बत्तीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या विभागातल्या ल्यूटनकडून खेळत होता. त्याच वर्षी जन्मलेला, त्याच जागेवर खेळणारा जो मर्सर, तोही त्यानंतर इंग्लंडकडून खेळला नाही. म्हणजे वय हे कारण पटण्यासारखं आहे. मात्र मर्सरकडे युद्धाआधीच्या पाच कॅप होत्या. युद्धाआधी सू फॉर्मात असतानाही निवड समितीनं त्याला का घेतलं नाही, याचं उत्तर मी देणार नाही. तर्कावर कुणाला दोषी ठरवू नये. १९२५ चं जॅक लेस्लीचं प्रकरण मात्र शेजारी ठेवून पाहा. वडील जमैकाचे, आई इंग्रज, प्लिमथचा हा खेळाडू इंग्लंडसाठी निवडला गेला आणि मग त्याचं नाव गळलं.

पण मला अधिक खुपतं ते वेगळंच. सूचा एक भाऊ १९४४ मध्ये हवाई दलात असताना मारला गेला. सू स्वतः १९४५ पर्यंत इंग्लंडकडून खेळत होता. आणि त्याच १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला गृहखात्यात एक बैठक झाली. विषय: लिव्हरपूलमधल्या ‘नको असलेल्या’ चिनी खलाशांना परत पाठवणे. हे खलाशी युद्धभर ब्रिटिश जहाजांवर राबले होते, तेही गोऱ्या खलाशांपेक्षा कमी पगारावर. १९४२ मध्ये त्यांना त्यासाठी संप करावा लागला होता. १९४५-४६ मध्ये हजाराहून अधिक खलाशांना जहाजांवर घालून पाठवून दिलं. कित्येकांच्या बायका लिव्हरपूलच्या होत्या, घरी लहान मुलं होती. परदेशी माणसाशी लग्न केलं की त्या काळच्या कायद्यानं बाईचं ब्रिटिश नागरिकत्वच जायचं, तेव्हा दाद कुठे मागणार? आपला नवरा आपल्याला टाकून गेला असं समजून काही बायकांनी आयुष्य काढलं. सूच्या घरासारखीच ही घरं, त्याच शहरातली. चिनी बापाचा एक मुलगा देशाच्या संघात, आणि तसेच दुसरे बाप रातोरात गायब.

सू पुढे परदेशात प्रशिक्षक झाला. स्टॉकहोमच्या जुर्गोर्डेन क्लबनं १९५५ मध्ये त्याच्या हाताखाली स्वीडनची लीग जिंकली. १९५९ मध्ये त्यानं इंग्लंडला स्कनथॉर्पची जबाबदारी घेतली, पण फार टिकला नाही. १९९१ मध्ये तो वारला.

गृहखात्यानं आपल्या कागदपत्रांच्या आधारे हा प्रकार कबूल करणारा अहवाल काढला तो २०२२ मध्ये. तोवर खलाशांची ती मुलं पंचाहत्तरीच्या पुढे गेली होती. जॅक लेस्लीला फुटबॉल असोसिएशननं २०२३ मध्ये मरणोत्तर कॅप दिली. सूचे नऊ सामने मात्र ‘युद्धकालीन’ या वेगळ्या यादीतच आहेत. ती यादी मुख्य यादीला जोडावी का, यावर मतभेद होऊ शकतात. माझं मत जोडावी असं आहे. तुमचं काय ते प्रश्नोत्तरांत बोलूया.