चमचा, मेणबत्ती आणि किडनी

परवा पणदऱ्याला गेलो होतो. मामा म्हणाले, "क्रिएटिनिन नॉर्मल आलंय रे, किडनी ठणठणीत!" पंधरा वर्षांची शुगर.. मला काही पटेना.

रिचर्ड ब्राइट हा लंडनचा डॉक्टर. चमचाभर लघवी मेणबत्तीवर तापवायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की अल्ब्युमिन गळतंय, हे त्याने १८२७ साली मांडलं. १८८६ मध्ये मॅक्स याफेला क्रिएटिनिनची रंगक्रिया सापडली. पण किडनीचं निम्मं काम थांबलं तरी हा आकडा नॉर्मल दिसू शकतो! गळती बऱ्याचदा आधी सुरू होते. १९६३ मध्ये हॅरी कीन आणि सहकाऱ्याने अगदी किंचित अल्ब्युमिनही मोजून दाखवलं.

म्हटलं, "मामा, सर्व्हर बंद पडायची वाट कशाला बघायची? लघवीतलं अल्ब्युमिनही दरवर्षी तपासून घ्या."