हरणाच्या रक्तातला हिवताप

पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकी हरणाचं रक्त स्लाइडवर घेतलं की परजीवी दूरच, आधी पेशीच चकवतात. हवा लागली की कित्येक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. जॉर्ज गलिव्हर यांनी हरणांच्या रक्तातला हा प्रकार १८४० मध्येच नोंदला होता; माणसातल्या सिकलसेलचं वर्णन त्यानंतर सत्तर वर्षांनी आलं. माणसात पेशी वाकतात त्या प्राणवायू कमी पडल्यावर, हरणात नेमकं उलटं.

अशा रक्तात परजीवी ओळखायचा कसा? लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाचा परजीवी, म्हणजे प्लास्मोडियम, पाहिला तो रंग न देता. हिमोग्लोबिन पचवून उरलेल्या काळपट कणांनी तो उघडा पडला. रोमानोव्स्कींच्या मिश्रणावरून हॅम्बुर्गच्या गिम्सांनी १९०४ च्या सुमारास टिकाऊ रंग बनवला. त्यात परजीवीचं केंद्रक तांबडं-जांभळं उठतं, बाकीचं अंग निळं. तरी हरणाच्या बाबतीत भरवसा त्या जुन्या काळ्या कणांचाच. गोचिडींतून येणारा थायलेरिया हा परजीवीही तांबड्या पेशीत ठिपके, काड्या, चिमुकल्या अंगठ्या दाखवतो, पण कण मागे ठेवत नाही. प्लास्मोडियमच्या कोवळ्या अंगठीतही ते दिसत नाहीत, म्हणून एका अंगठीवरून निकाल देणारा धाडसीच म्हणायचा.

पाणथरी बाधित पेशी रक्तातून गाळून टाकते. ती काढली तर दडलेले परजीवी वर येतात, हे ताडून टेक्सासमध्ये कटलर आणि सहकाऱ्यांनी हरणांवर तशी शस्त्रक्रिया केली. १९६७ मध्ये त्यातल्या एका हरणात प्लास्मोडियम सापडला. गार्नहॅम आणि कटलर यांनी १९८० मध्ये त्याला प्लास्मोडियम ओडोकॉयली हे नाव दिलं. पण एकच हरीण, तेही पाणथरी काढलेलं! अपवाद म्हणून प्रकरण मागे पडलं, यात नवल नाही.

पुढचा धागा डासांनी दिला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एलन मार्टिनसन पक्ष्यांच्या हिवतापासाठी डास तपासत होत्या. एका डासात अनोळखी प्लास्मोडियमचा डीएनए निघाला आणि त्याच्या पोटातलं रक्त हरणाचं ठरलं. २०१६ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार काही ठिकाणी चारातलं एक हरीण बाधित होतं. पाणथरी शाबूत असलेल्या या हरणांच्या स्लाइडवर मात्र साधारण ६५,००० तांबड्या पेशींमागे एखादाच परजीवी भेटतो.