पस्तीस फुटांची रेघ

कायद्याने दिलेला हक्क आणि तो बजावण्यासाठी ओलांडावयाचा उंबरठा यांच्यामध्ये पुष्कळदा एक रस्ता असतो. आणि त्या रस्त्यावर कोणी कोठे उभे राहावे हे ठरविणे हक्क देण्याहूनही कठीण जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गर्भपाताची सोय असलेल्या दवाखान्यांच्या दारी जे घडत आले, त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपातास १९७१ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. तिकडे ती २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आली. विधिमंडळांच्या हातून जो प्रश्न एकाएकी काढून घेतला गेला, तो विरोधकांनी फूटपाथावर आणला, असे म्हणण्यास जागा आहे.

आरंभी प्रार्थना, फलक आणि विनवण्या होत्या. मग दाराशी ठाण मांडून वाट अडविणे आले. आणि शेवटी बंदूक आली. १० मार्च १९९३ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डॉ. डेव्हिड गन यांस दवाखान्याबाहेर गोळ्या घालून ठार करण्यात आले. पुढील वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अशी वाट अडविणे व धाक घालणे हा संघराज्याचा गुन्हा ठरविणाऱ्या कायद्यावर सही केली. तरीही त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे, एका माणसाने दोन दवाखान्यांत शिरून दोन स्त्रियांचे प्राण घेतले. त्यांपैकी एकही डॉक्टर नव्हती. आलेल्यांचे स्वागत करून नावनिशी टिपून घेणे एवढेच त्यांचे काम.

मॅसॅच्युसेट्सने यावर २००० साली कायदा केला. दाराजवळच्या अठरा फुटांच्या पट्ट्यात, दवाखान्यात जाणाऱ्या व्यक्तीच्या सहा फुटांच्या आत तिच्या इच्छेवाचून कोणी बोलावयास जाऊ नये, असा त्याचा आशय होता. कागदावर हे ठीक दिसते. परंतु चालत्या माणसाभोवतीचे सरकते वर्तुळ शिपायाने मोजावे तरी कसे? सात वर्षांत राज्य या हिशेबास कंटाळले आणि २००७ साली त्याने दाराभोवती सरळ पस्तीस फुटांची हद्द आखली. फूटपाथावर रंगाची कमान काढली गेली. पोलिसांचे काम सोपे झाले : पाऊल रेघेच्या आत की बाहेर, एवढेच पाहावयाचे.

ही रेघ २६ जून २०१४ रोजी पुसली गेली. फिर्यादींत सत्तरी उलटलेल्या एक बाई होत्या. आपण ओरडत नाही, कोणास अडवीत नाही, केवळ हलक्या आवाजात दोन शब्द बोलू इच्छितो, आणि पस्तीस फुटांवरून हलक्या आवाजात बोलता येत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. नवांच्या नवही न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरविला. (त्याच न्यायालयाच्या संगमरवरी प्रांगणात निदर्शनांस मज्जाव आहे, ही गोष्ट टीकाकारांनी नजरेआड होऊ दिली नाही.) मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद मात्र मार्मिक होता. अडवणूक होते म्हणता, तर अडविणाऱ्यांवर खटले भरावयाचे. जुन्या कायद्यांखाली निदान सतरा वर्षांत भरलेला एक तरी खटला दाखवा. राज्यास तो दाखविता आला नाही.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा येथे आहे. खटला नाही म्हणजे गुन्हा नाही असे न्यायालयास वाटणे साहजिक होते. पण या गुन्ह्याची जातच अशी की, जिची वाट अडविली जाते तिला आपले नाव कोणत्याही दप्तरात नको असते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यासाठी कोणती स्त्री परत येणार?

ही अडचण कॅलिफोर्नियाने तेरा वर्षे आधी ओळखली होती. तेथील सिनेटर डेबोरा ऑर्टिझ यांनी २००१ साली आणलेल्या कायद्याने, वाट अडविण्यास राज्याचा गुन्हा ठरविण्याबरोबरच, एक रुक्ष वाटणारी व्यवस्था केली. अशा गुन्ह्यांची वेगळी नोंद स्थानिक पोलिसांनी ठेवावी, ती राज्याच्या महाधिवक्त्याकडे धाडावी, आणि पोलिसांस या विषयाचे शिक्षण द्यावे. फुटलेली काच ही नुसती फुटलेली काच म्हणून नोंदली गेली, तर ती कोणत्या दाराची व कशासाठी फुटली हे वर कोणास कळणारच नाही. आरंभी हा कायदा मुदतीचा होता. ती वाढविण्यात आली, आणि २०२१ साली त्यात भर पडून, धाक घालण्याच्या हेतूने दवाराच्या शंभर फुटांच्या आत येणाऱ्यांची छायाचित्रे घेणे हाही गुन्हा ठरला.

मॅसॅच्युसेट्सने हार खाल्ल्यावर पाच आठवड्यांच्या आत नवा कायदा केला. आता रेघ आधीपासून नसते. दारी खरोखर अडथळा झाला, तर शिपाई लेखी हुकूम देतो आणि अडविणाऱ्यांस पंचवीस फूट मागे हटावे लागते, फार तर आठ तासांपुरते. भाषणस्वातंत्र्याच्या दृष्टीने हे अधिक निर्दोष आहे, यात शंका नाही. परंतु रंगाची रेघ कोणाकडे पाहून बदलत नसे. शिपायाचे मन बदलू शकते, आणि त्याने हुकूम लिहीपर्यंत ती स्त्री ताटकळलेली असते.

२४ जून २०२२ रोजी १९७३ चा मूळ निकालच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या स्वाधीन झाला. १९९४ चा संघराज्याचा कायदा पुस्तकात राहिला. परंतु जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याखाली शिक्षा झालेल्या तेवीस जणांस माफी दिली, आणि असामान्य प्रसंगावाचून त्याखाली नवे खटले भरू नयेत असे न्यायखात्याने आपल्या वकिलांस कळविले. ब्रुकलाइनच्या शिपायाच्या हाती मुख्यत्वे उरला, तो त्याच्या राज्याचा पंचवीस फुटांचा हुकूम.