दारूचा भाव आणि मोहाचे झाड

फाल्गुन संपत आला की कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला पहाटेच्या वेळी मोहाची फुले गळू लागतात. सुकवलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. फुले पाण्यात भिजवून ठेवली की यीस्ट काही दिवसांत या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे एक मडके, एक नळी आणि गार पाणी एवढ्या साहित्यात दारू गाळता येते. दारू महाग केली तर माणसे पिणे कमी करतात का, हा प्रश्न या दोन तालुक्यांपुरता विचारायचा असेल, तर सुरुवात या झाडापासूनच करावी लागते.

इ. स. १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोजक्या मोठ्या भट्ट्यांत दारू गाळायची आणि तेथेच गॅलनमागे कर घ्यायचा, असे धोरण ठरले. आपल्या भागाजवळची अशी जागा म्हणजे उरण. तेथील पारशी मालकांच्या भट्ट्यांना मोहाची फुले थेट पंचमहालातून येत. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल, असे सरकार या धोरणाचे वर्णन करी. यातला महसुलाचा हेतू मनापासूनचा होता. खपाविषयी मला तितकीशी खात्री वाटत नाही.

कर वाढला तशी दुकानातली दारू महाग झाली. पण ज्याच्या दारातच मोहाचे झाड आहे, त्याने ती का घ्यावी? सरकारलाही हे कळले होते. म्हणून १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि फुले बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावर निर्बंध पडले. कर्जत आदल्याच वर्षी ठाण्यातून कुलाब्यात आले होते. म्हणजे जिल्हा बदलला तरी कायदा टळला नाही. कराने वाढवलेला भाव टिकवायचा, तर झाडावरून पडलेल्या फुलावरही पहारा ठेवावा लागतो, हे अर्थशास्त्र त्या अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

त्याची किंमत कोणी मोजली? मुख्यतः कातकरी आणि ठाकर यांनी. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ मध्येच आलेल्या वन कायद्याने त्यांच्या या धंद्याचा आधार कमी केला. पुढे उचल घेऊन कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबणे अनेकांच्या वाट्याला आले. मोहाचे फूल त्यांना केवळ दारूपुरते नव्हते. सुकवलेली फुले टंचाईच्या दिवसांत पोटात जात.

१९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर कायदेशीर दारूचा भाव अनंत झाला. तेव्हा मोहाबरोबर काळा गूळ आणि नवसागर पुढे आले. हातभट्टीची दारू मोटारींच्या ट्यूबांत भरून शहरांकडे जाऊ लागली. गुळाला हंगाम लागत नाही आणि जंगलही लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. विषारी दारूचे बळी हे गाळण्यातल्या चुकीमुळे जातात, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. गूळ आंबवल्याने मारक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. कारखान्यांसाठी बनवलेले स्वस्त मिथेनॉल दारूत मिसळले जाते. शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते आणि दृष्टीची नस निकामी होते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशीच दगावली.

मग भाववाढ निरुपयोगी म्हणायची काय? तसेही नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, डेन्मार्कने कडक दारूवर इतका कर बसवला की बाटलीचा भाव दसपटीहून अधिक वाढला. दोन वर्षांत दारूच्या भ्रमाचे रुग्ण तेराव्या हिश्श्यावर आले. स्कॉटलंडने २०१८ पासून मद्यार्काच्या प्रमाणानुसार किमान किंमत ठरवली. त्यानंतर केवळ दारूमुळे होणारे मृत्यू, निर्बंध नसते तर झाले असते त्यांच्या तुलनेत, सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ च्या अभ्यासात आढळले. फरक पर्यायाचा आहे. डेन्मार्कमधला माणूस कडक दारू सोडून बिअरकडे वळला. आपल्याकडचा हातभट्टीकडे वळू शकतो.

आणखी एक आकडा शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावा. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये असे दिसले, की भाव १० टक्के वाढला तर एकूण कडक दारूचा खप सुमारे ८ टक्के घटतो. पण अति पिणाऱ्यांचे पिणे जेमतेम ३ टक्के घटते. आता अशा माणसाचा आठवड्याचा खर्च शंभर रुपये धरू. भाव १.१० पट, प्रमाण ०.९७ पट, गुणाकार १.०६७. म्हणजे यकृताला थोडा आराम मिळाला, पण घरातून जवळजवळ सात रुपये जादा गेले. हे सात रुपये कोणाच्या ताटातून जातात, ते वीटभट्टीवरच्या बाईला विचारावे. हे आकडे बहुतांशी श्रीमंत देशांतले आहेत, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहाच्या फुलांवरचे निर्बंध सैल केले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरील कर वाढवला आणि देशी दारूच्या क्वार्टरची, म्हणजे १८० मिलिलिटरची, किमान किंमत ८० रुपये ठरवली. या निर्णयातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा महसूल मिळेल असा अंदाज त्या वेळी दिला गेला. किती लिटर दारू कमी प्यायली जाईल, याचाही अंदाज त्याच कागदावर मांडता आला असता. त्यासाठी दुकानांतली विक्री पुरणार नाही. पकडलेल्या हातभट्ट्या, खोपोली-कर्जतच्या रुग्णालयांतल्या नोंदी आणि भट्टीवर घेतलेली उचल, हे तिन्ही शेजारी ठेवून पाहावे लागेल.