विंडोज एक्सपी : मुदत संपल्यानंतर
मायक्रोसॉफ्टने २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज एक्सपी या संगणक प्रणालीची सुरक्षाविषयक सेवा ८ एप्रिल २०१४ रोजी संपुष्टात आली. मुदत संपल्याने संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने आढळणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती मिळेनाशी होते, आणि खरा धोका तोच. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्याच्या वेळी कंपनीने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती उपलब्ध करून दिली. भारतात अनेक एटीएम यंत्रे त्यानंतरही याच प्रणालीवर चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचे निर्देश दिले. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक असल्याने सुस्थितीतील अनेक जुने संगणक अपात्र ठरले आहेत.