गृहकर्जाचा मध्यस्थ : परवाना कोणता, जबाबदारी कोणती?

जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावात घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाची गाठ अनेकदा बँकेच्या व्यवस्थापकाआधी कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाशी पडते. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण या व्यवसायाकडे वळू पाहतात त्यांनी, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या कुटुंबांनीही, त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे.

अमेरिकेत २००८ च्या कायद्यान्वये बँकेबाहेरील गृहकर्ज मध्यस्थाला किमान २० तासांचे शिक्षण, ७५ टक्के गुणांची परीक्षा व पूर्वचारित्र्याची तपासणी यांनंतरच परवाना मिळतो. भारतात असा सरकारी परवाना नाही. बँक किंवा गृहवित्त कंपनी कागदपत्रे तपासून करार करते व ‘थेट विक्री प्रतिनिधी’ म्हणून नेमते. बोलीभाषेत त्याला ‘डीएसए’ म्हणतात. त्याचे नेमणूकपत्र हीच त्याची ओळख. ते पाहावयास मागण्यात संकोच बाळगू नये.

त्याचे कमिशन बँक देते, तेही कर्जाची रक्कम वितरित झाल्यावर. येथेच खरी अडचण आहे. मध्यस्थाचा हिशेब त्या दिवशी पूर्ण होतो; कुटुंबाचा मात्र पुढील पंधरा-वीस वर्षे चालतो. उत्पन्न फुगवून दाखवून कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ उपकार करीत नसतो. हप्ते थकून खाते अनुत्पादक ठरले, तर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते.

‘मंजुरी माझ्या हातात आहे’ हे विधान तर सपशेल खोटे. कर्जमंजुरीचा निर्णय बँकेने बाहेरच्या माणसावर सोपवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००६ मध्येच बजावले आहे.

मध्यस्थाचे खरे कौशल्य कागद वाचण्यात आहे. गावठाणातील घराचा ‘नमुना ८’ हा कर आकारणीचा उतारा असतो, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका, शेतजमिनीवरील भूखंड असल्यास अकृषिक परवानगी, फेरफार व मूळ खरेदीखत हे सर्व त्याला उलगडून सांगता आले पाहिजे. खरेदीखत बँकेत ठेवून गहाण झाले की त्याची नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, हेही.

एक मोह कटाक्षाने टाळावा. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्केच रक्कम देते. उरलेला हिस्सा मध्यस्थाने स्वतःच्या खिशातून व्याजाने देण्याचा धंदा केला, तर ती सावकारी होय. त्यासाठी मात्र महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानुसार सहकार खात्याच्या निबंधकाचा परवाना अनिवार्य आहे. विनापरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत, शुल्कासह एकूण वार्षिक खर्च दाखविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते मराठीत मागून घ्यावे.